मावळ्यांना हात लावू नये

९ सप्टेंबर २०२५, मंगळवार

ही डायरी धाकट्या भावाने, अनिरुद्धने, जानेवारीत दिली होती. "ताई, मनातलं लिहीत जा, बरं वाटतं," म्हणाला होता. मनातलं लिहायला आधी मनात काही असावं लागतं, म्हणून आठ महिने ती कोरीच राहिली. आज मात्र लिहिण्याजोगं घडलं.

दुपारी एकला शटर ओढत होते, तेवढ्यात मागच्या गल्लीतल्या शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या. ऋतुजा मॅडम. वय असेल पस्तीस-छत्तीस.

"दुकान बंद आहे," मी म्हटलं.

"मला काही घ्यायचं नाहीये."

"मग तर नक्कीच बंद आहे."

बाई हसल्या आणि अर्ध्या शटरखालून वाकून आत आल्या. त्यांचं म्हणणं असं, की सातवीच्या वर्गाला दर शनिवारी एक तास, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत, व्यवसाय कसा चालतो ते शिकवायचं. कुठल्याशा कंपनीतले साहेब येणार होते, ते ऐन वेळी परदेशी गेले.

मी म्हटलं, "मॅडम, ह्या दुकानात काल दिवसभरात दोन गिऱ्हाइकं आली. त्यातल्या एकाने पत्ता विचारला."

"मग कसा चालत नाही ते शिकवा. तेही कोणी शिकवत नाही."

हे असं सरळ तोंडावर बोलणारं माणूस मला आवडतं. हो म्हणून बसले.

दुकान चालत नाही हे खरंच आहे. वडिलांच्या, आबांच्या वेळेपासून दिवाळीच्या किल्ल्यावरची मातीची चित्रं विकणारं कसब्यातलं हे दुकान. मावळे, गवळणी, तोफा, गुहेत बसवायचा वाघ, सिंहासनावरचे महाराज. बाकी वर्षभर रांगोळी आणि रंग. आबा मावळे पितळी परातीत ओतून परात पायरीवर ठेवायचे. पोरं तिथेच बसून निवडायची आणि निम्मे फोडायची. आबा गेल्यावर मी काचेचं कपाट करून घेतलं आणि स्वच्छ अक्षरात पाटी लावली, "मावळ्यांना हात लावू नये. घ्यायचे असतील तरच विचारावे." गेल्या सात वर्षांत एकही मावळा फुटलेला नाही. पण पोरंही यायची बंद झाली. लोक फ्लॅटमध्ये राहायला गेले, किल्ले कोण करतो आता?

अनिरुद्धने मोबाईलची कव्हरं विकणारा एक माणूस बघून ठेवला आहे. दिवाळीनंतर दुकान त्याला भाड्याने द्यायचं आणि मी कर्वेनगरला त्यांच्या शेजारच्या इमारतीत राहायला जायचं. दुकान आम्हा दोघांच्या नावावर आहे, पण त्याने आजवर कशातही तोंड घातलं नाही. आता माझे गुडघे बघून घालतो आहे. भाऊबीजेपर्यंत उत्तर दे म्हणाला.

उत्तर ठरल्यासारखंच आहे. नुसतं तोंडातून निघत नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

पहिला तास झाला. एकतीस मुलं. मॅडमनी मुलांना मला "मॅडम" म्हणायला सांगितलं होतं. मी म्हटलं, बाई म्हणा, मॅडमला मी मागे वळून बघायची नाही.

कार्डावर चार शब्द लिहून नेले होते: माल, भाव, गिऱ्हाईक, शब्द. शब्द म्हणजे दिलेला शब्द. आबा म्हणायचे की पहिले तीन चुकले तर सावरता येतं, चौथा चुकला की संपलं.

व्यवसाय म्हणजे काय, असं विचारलं. एकजण म्हणाला, पैसे मिळवणं. मागच्या बाकावरून आवाज आला, "फसवणं!" सगळे हसले. मीसुद्धा हसले, मग गप्प बसा म्हणाले. मग साईनाथ नावाचा मुलगा उठला. त्याच्या वडिलांचा दुधाचा टेम्पो आहे. पहाटे कात्रजहून पेठेत येतो, त्यातच बसून हा शाळेला येतो.

"बाई, धंदा म्हंजे रोज येणं. पप्पा म्हणत्यात, एक दिस दूध न्हाई आलं की लोक दुसरा माणूस बघत्यात."

माझी चार शब्दांची तयारी ह्या पोराने पहिल्या दहा मिनिटांत निकालात काढली. कार्ड पर्समध्ये टाकलं.

नमुना म्हणून कापसात गुंडाळून एक मावळा नेला होता. पहिल्या बाकावरच्या मुलीने हात पुढे केला. "लांबून बघायचा," मी म्हटलं, "माल आहे तो, खेळणं नाही."

तिसऱ्या बाकावरून एक बारीक मुलगी म्हणाली, "बाई, त्याच्या शेल्याला अब्बूंनी यंदा हिरवी किनार केली आहे. हा गेल्या वर्षीचा आहे."

ही अफशीन. मन्सूरभाईंची मुलगी. आपल्या दुकानातला एकूण एक मावळा मन्सूरभाईंच्या साच्यातून निघतो, तीस वर्षं झाली. एवढ्या जवळची मुलगी, पण दुकानात आलेली मी कधी पाहिली नाही. लाजरी असावी.

२० सप्टेंबर, शनिवार

मागच्या आठवड्यात घरचा अभ्यास दिला होता: आपल्या पेठेत फिरा. कुठल्या दुकानात जायला आवडतं, कुठल्या नाही आणि का, ते चिठ्ठीवर लिहून आणा. दुकानाचं नाव लिहायचं नाही, उगाच कोणाची बदनामी नको.

आज चिठ्ठ्या वाचल्या. आवडत्या दुकानांत सगळी खाण्याची. नावडत्यांत मात्र गंमत झाली. आठ जणांनी बहुतेक एकाच दुकानाबद्दल लिहिलं होतं. "तिथे सगळं छान दिसतं पण बाई ओरडतात." "मी आत पाय टाकला तर म्हणाल्या, घ्यायचंय का? मी म्हटलं बघतो. तर म्हणाल्या, बघायला पर्वती आहे." "माझा भाऊ तिथून रडत आला."

मला खरोखर राग आला. वर्गाला म्हटलं, बघा, हा धडा नीट लक्षात ठेवा. गिऱ्हाईक लहान असलं तरी गिऱ्हाईकच. अशी दुकानं बंद पडायच्याच लायकीची असतात. आणि ही बाई नंतर म्हणत असेल की हल्ली धंदाच राहिला नाही!

वर्ग इतका शांत मी पहिल्यांदाच पाहिला. अफशीनची पेन्सिल पडली आणि ती बराच वेळ बाकाखालीच होती. दारात ऋतुजा मॅडम उभ्या होत्या. त्यांना खोकल्याची उबळ आली, म्हणून त्या पाणी प्यायला गेल्या.

"कोणतं रे हे दुकान?" मी विचारलं.

"नाव सांगायचं न्हाई असं तुम्हीच म्हणला व्हता," साईनाथ म्हणाला. बरोबर आहे त्याचं.

मला वाटतं, समोरची बांगडीवाली असणार. ती आहेच तशी. वेळ संपली म्हणून चार-पाच चिठ्ठ्या वाचायच्या राहिल्या, पर्समध्ये आहेत. अफशीनचीही राहिली. तिने चार घड्या घालून दिली होती.

दुकानात आल्यावर पाटीखाली एक ओळ वाढवली, "प्रश्न नेमके विचारावेत." व्यवसायात स्पष्टपणा हवा.

२४ सप्टेंबर, बुधवार

मन्सूरभाई आले. यंदा किती मावळे काढू, विचारत होते. साचे धुऊन ठेवले आहेत म्हणाले. दर वर्षी ह्या दिवसांत येतात, उभ्या उभ्या चहा घेतात आणि मी आकडा सांगते. आज मला आकडा सांगता येईना. गेल्या वर्षीचेच निम्म्याहून जास्त कपाटात आहेत. मोबाईलवाल्याचं तर बोलायची हिंमतच झाली नाही.

"थोडे थांबा, मन्सूरभाई."

"थांबतो की, निशाताई. माती कुठे पळून जाते?"

कपाटाकडे बघून म्हणाले, "फार नीट ठेवलेत तुम्ही. अगदी जसेच्या तसे." मी म्हटलं, मग, एक टवका उडू दिला नाही. ते हो म्हणाले आणि कप खाली ठेवून गेले.

मन दिवसभर खट्टू होतं.

२७ सप्टेंबर, शनिवार

आज मुलांनी स्वतःचा व्यवसाय निवडायचा होता. भेळ हा पहिला ठराव. तो अफशीननेच पाडला. "भेळ विकायला ठेवली तर आपणच खाऊन टाकू. मागच्या वर्षी आनंदमेळ्यात हेच झालं होतं." वर्गाने मान खाली घालून कबूल केलं.

मग साईनाथ म्हणाला, "किल्ला बांधून देऊ. सोसायटीतल्या लोकांस्नी माती भेटत न्हाई, टायम भेटत न्हाई. माती आपल्या टेम्पोतनं येईल. आपून जायचं, किल्ला करायचा, यायचं."

"चिखलाचे पैसे कोण देणार?" मी विचारलं.

"बाई, तुम्हीच तर सांगितलंय," अफशीन म्हणाली, "गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय ठरवायचं नाही."

म्हणून मी तिथल्या तिथे अनिरुद्धला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. एकतीस पोरं श्वास रोखून बसली. अनिरुद्ध म्हणाला, "किल्ला? अगं, चालेल की! आमचा विशू दोन वर्षं मागे लागलाय. ह्या भानगडीला वेळ आहे कोणाला? पार्किंगच्या कोपऱ्यात जागा आहे. सेक्रेटरींना विचारतो."

वर्गात असा आरडाओरडा झाला की शेजारच्या सहावीच्या सरांनी भिंतीवर डस्टर आपटलं. कंपनीचं नाव ठरलं, किल्लेदार मंडळी. राजगड करायचा. अकरा तारखेला, शनिवारी, शाळा सुटल्यावर.

घरी येताना मी चक्क गुणगुणत होते. बांगडीवालीने वळून बघितलं.

२ ऑक्टोबर, दसरा

अनिरुद्ध आणि विशू सोनं द्यायला आले. विशू त्याचा मुलगा, खरं नाव विश्वजीत. वय वर्षं नऊ, पण त्याचं वेळापत्रक एखाद्या मंत्र्यासारखं. सोमवारी अबॅकस, मंगळवारी आणि रविवारी पोहणं, बुधवारी आणखी काहीतरी. आल्याआल्या कपाटाशी गेला आणि काचेला नाक लावून उभा राहिला. "आत्या, तो भालावाला..." म्हणाला. मी म्हटलं, काच पुसली आहे आत्ताच. तो मागे सरकला. समजूतदार मुलगा आहे.

निघताना अनिरुद्ध म्हणाला, "मोबाईलवाल्याचा फोन आला होता. रंगकामासाठी माप घेऊन जाऊ का विचारत होता." मी म्हटलं, भाऊबीजेपर्यंत दम धर म्हणावं.

४ ऑक्टोबर, शनिवार

कामाची वाटणी केली. माती, दगड, गोणपाट, पाणी, कोरीव काम, वर पेरायला आळीव. आधी शाळेच्या मागे छोटा नमुना करून बघितला. तो कोसळला, पुन्हा केला.

मी तीन नियम फळ्यावर लिहिले. वेळेवर जायचं. सांगितलं तेच द्यायचं. आणि तिसरा, गिऱ्हाइकाच्या मुलांना कामात लुडबुड करू द्यायची नाही, मध्ये दोरी बांधायची. साईनाथने विचारलं, "मंग ती काय करतील?" मी म्हटलं, बघतील. पैसे देऊन वस्तू घ्यायची ती कष्ट वाचवायलाच ना?

मावळे मी माझ्याकडचे देणार आहे. पण ठेवायचे मीच. तसं वर्गाला बजावून सांगितलं.

११ ऑक्टोबर, शनिवार

पाय दुखताहेत, नखांत माती आहे आणि मी अतिशय खूश आहे.

मंडळींतली बारा जणं टेम्पोत मातीच्या गोण्यांवर बसून कर्वेनगरला गेली. मी पुढे, साईनाथच्या वडिलांशेजारी. वाटेत ते एवढंच बोलले, "पोरगं घरी तुमचंच सांगत असतंय." मी खिडकीबाहेर बघत राहिले.

दोरी बांधली. चार तासांत राजगड उभा राहिला, बालेकिल्ला, तटबंदी, बुरूज. तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी श्यामसुंदर काका पांढऱ्याशुभ्र लेंग्यात पाहणीला आले. दोनदा फेरी मारली.

"हा कोणता किल्ला?"

"राजगड," सगळे एका सुरात.

"अस्सं. राजगडाला माच्या किती?"

साईनाथ बोटं मोजायला लागला.

"तीन. पद्मावती, सुवेळा, संजीवनी. मी दोनच मोजल्या. तिसरी टेम्पोत राहिली का?"

मी म्हणणार होते की काका, हौसेचा किल्ला आहे, पुरातत्त्व खात्याचा नव्हे. पण फळ्यावरचा दुसरा नियम माझाच. सांगितलं तेच द्यायचं. पोरांनी पुन्हा घमेली उचलली आणि तासाभरात संजीवनी माची केली. काकांनी ती पावलांनी मोजली. "अंमळ आखूड आहे. चालेल," म्हणाले. त्यांच्या तोंडचं चालेल म्हणजे शाबासकी असते, असं अनिरुद्धने नंतर सांगितलं.

मी मावळे एकेक करून बसवले. सोसायटीची पोरं दोरीपलीकडे रांगेत उभी होती, अगदी शहाण्यासारखी. विशू तर शेवटपर्यंत हलला नाही. कोणी कशालाही हात लावला नाही. फोटो काढले. अनिरुद्धने ठरलेले पैसे दिले आणि अफशीनने पावती फाडली.

असं काम पुन्हा होणे नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

सकाळी साडेसातला अनिरुद्धचा फोन. किल्ला फोडला.

रिक्षाने गेले. संजीवनी माची साफ झालेली. बालेकिल्ल्याच्या पोटात हातभर भोक. माझे तीन मावळे चिखलात. आणि शेजारी कोपरापर्यंत माखलेला विशू, पोहायच्या क्लासला दांडी मारून. अजून चार पोरं होती, मला बघून गाडीमागे लपली.

मी विशूला इतकं बोलले की लिहायची लाज वाटते. तो रडला नाही. नुसता हात मागे घेऊन उभा राहिला.

मी फोटो पाठवला होता म्हणून साईनाथ आणि अफशीन टेम्पोतून आले. मला वाटलं, ही दोघं माझ्याहून चिडतील. मी म्हटलंही, भरपाई मागू या, हेही व्यवसायातच येतं. अफशीन सरळ पुढे गेली. फतकल मारून चिखलात बसली आणि भोकात डोकावून विशूला म्हणाली, "कुठे नेत होतास हे भुयार?"

विशू म्हणाला, "खाली. मावळ्यांना रात्री बाहेर पडायला रस्ताच नव्हता. वेढा पडला तर?"

"बरोबर आहे," अफशीन म्हणाली. "आम्ही विसरलो."

साईनाथने बाह्या वर केल्या. "असं सरळ न्हाई खोदायचं, वरनं ढासळतं. इथं फरशीचा तुकडा घाल. आमच्यात आम्ही रोज मोडतो आन् रोज बांधतो. त्याबिगर काय मजा?"

गाडीमागची चार पोरं बाहेर आली. मग वरच्या मजल्यांवरून आणखी. अर्ध्या तासात माझ्या राजगडाचं काहीही होऊन बसलं. एक बोगदा, दोन तळी, एकीने तर हेलिपॅड केलं. मी दोरी हातात धरून उभी होते, ती कुठे बांधावी ते कळत नव्हतं.

श्यामसुंदर काका आले. आता बोलणार, असं मला वाटलं. ते खाली बसले आणि म्हणाले, "चोरदिंडी ह्या अंगाला असते, गाढवांनो. सरका." दहाव्या मिनिटाला त्यांचा लेंगा पांढरा राहिला नव्हता.

परत येताना टेम्पोत अफशीन म्हणाली, "बाई, पैसे विशूच्या बाबांनी दिले. पण किल्ला विशूचा होता ना? त्याला आपण विचारलंच नाही."

शिकवणारी मी आहे, हे नोंदवून ठेवते.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

शाळा सुटल्यावर मंडळी माझ्या पायरीवर जमली. आत कोणी येईना. या म्हटलं तरी पायरीवरच.

त्यांचा ठराव असा, की किल्ला विकायचाच नाही. माती, दगड, गोणपाट आणि आळीव पोचवायचे आणि मंडळींतले दोघं दोन तास शिकवायला थांबतील. पहिल्या तासात आपण हात लावायचा, दुसऱ्या तासात हात पाठीमागे. ह्यात पैसे कमी मिळणार. मी विरोध केला. मतदान झालं. मी हरले. आणि कर्वेनगरच्या त्याच रस्त्यावरच्या पाच इमारतींतून मागणी आलेली आहे. निरोप श्यामसुंदर काकांनी धाडले, प्रत्येकाला किल्ल्याचं नाव आणि माच्यांची संख्या कळवून.

अफशीन म्हणाली, "बाई, मावळे पण हवेत. पण टोपलीत. मुलांनी आपले आपण निवडायचे."

"फुटतील."

"फुटले तर अब्बू नवे करतील. साचे आहेत ना."

मी म्हटलं, बघते. माझ्या 'बघते'मध्ये काय असतं ते त्यांना ठाऊक असावं, कारण सगळे लगेच उठले.

१५ ऑक्टोबर, बुधवार

दुपारी शटर ओढून पर्स झाडायला घेतली आणि त्या राहिलेल्या चिठ्ठ्या सापडल्या. चार घड्यांची उघडली. अक्षर टपोरं आहे.

"मला एका दुकानात जायला सगळ्यात जास्त आवडेल पण मी जात नाही. तिथले सगळे मावळे माझे अब्बू करतात. कपाटात ठेवल्यावर ते कसे दिसतात ते मला जवळून बघायचं आहे. पण आपण विकत घेणार नसलो तर त्या ओरडतात. म्हणून मी शाळेत जाताना रस्त्याच्या पलीकडून बघते."

तीन वेळा वाचली. मग वर्गात वाचलेल्या त्या आठही पुन्हा काढून वाचल्या. पर्वतीवाली वाचताना तर माझाच आवाज कानात आला. बांगडीवाली असलं कधी बोलत नाही. तिच्याकडे पोरी तासन्‌तास बांगड्या घालून बघत बसतात.

एकतीस पोरांना माहीत होतं. मी समोर उभी राहून माझ्याच दुकानाला बंद पडायच्या लायकीचं म्हटलं, आणि एकानेही मला तोंडघशी पाडलं नाही. खूप रडले. मग हसायलाही आलं, त्या पेन्सिलची आठवण होऊन.

आबांच्या काळात निम्मे मावळे फुटायचे. त्या फुटण्याला मी सात वर्षं नुकसान समजत आले.

१७ ऑक्टोबर, वसुबारस

पाटी काढली. खिळा गंजला होता, निघता निघेना. शेवटी बांगडीवालीने पक्कड दिली. वर म्हणाली, "बरं झालं. आमच्या गिऱ्हाइकांनापण भीती वाटायची."

माळ्यावरून परात काढली, चिंचेने घासली, मावळे ओतले आणि पायरीवर ठेवली. तासभर कोणी फिरकलं नाही. शाळेला सुट्टी लागली आहे, तरी रस्त्याच्या पलीकडे अफशीन उभी दिसली. मी हाक मारली. आली, तर परातीशी थांबली. मी म्हटलं, "परातीत नाही, आत ये. कपाटातले बघायचे आहेत ना तुला?"

तिने माझ्याकडे बघितलं. चिठ्ठी वाचली हे तिला कळलं. चपला काढून आत आली. दुकानात कोणी चपला काढत नाही. मी कपाट उघडून दिलं. तिने एक तोफवाला उचलला, उलटा केला आणि तळाशी बोट फिरवत म्हणाली, "इथे अम्मीने पुसलंय. तिचं बोट उमटलंय, बघा."

तीस वर्षं विकते आहे. कधी उलटा करून पाहिला नव्हता.

संध्याकाळी मन्सूरभाईंना आकडा सांगितला. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

अनिरुद्धला ओवाळलं. ताटात पाकीट टाकायला लागला तर मी ताट मागे घेतलं. म्हटलं, "यंदा पाकीट नको. ओवाळणीत दुकान राहू दे."

"ताई, गुडघे?"

"गुडघे माझे आहेत, ते मी बघते. दुकान दोघांचं आहे म्हणून विचारते."

तो काही बोलायच्या आत विशू म्हणाला, "बाबा, मोबाईलची कव्हरं आपल्या कोपऱ्यावर पण मिळतात."

अनिरुद्धने निरांजनाची वात सारखी केली. मग म्हणाला, "एक वर्ष."

"दोन."

"ताई, ही ओवाळणी आहे की घासाघीस?"

"मी व्यवसाय शिकवते," मी म्हटलं. दोन वर्षांवर ठरलं. मोबाईलवाल्याला त्याने माझ्यासमोरच फोन केला. ऋतुजा मॅडमना मी कळवलं की पुढच्या सत्रातही येते, आठवी मागितली तर आठवीही घेते.

चारपर्यंत पेठेत परतले. दुकान मन्सूरभाईंवर सोपवून गेले होते. बघते तर पायरीवर सात-आठ पोरं परातीभोवती, आणि मन्सूरभाई मध्ये बसून कोणता मावळा कुठल्या बुरुजावर उभा करायचा ते समजावताहेत. मला बघून एका चिमुरड्याने घाबरून हातातला मावळा सोडला. पायरीवर पडून त्याचे दोन तुकडे झाले.

मी त्याच्याशेजारी बसले. गुडघ्याने कुरकुर केली. म्हटलं, "दुसरा घे. भालावाला बघ, तो चांगला आहे."

आजचे धरून ह्या दिवाळीत त्रेचाळीस मावळे फुटले.